सरकारी बांधकामात छोट्या ठेकेदारांना वाव देऊन कराराची अंमलबजावणी कशी सांभाळावी?

पुण्यात अनेकांचा एक घोळ होतो, तो आधी सोडवा. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी (त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या, ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून) हे २०१२चं धोरण केंद्राचं आहे आणि ते वस्तू-सेवांना लागू होतं, बांधकामाच्या ठेक्यांना नाही. आपल्याकडे राज्याच्या छोट्या कामांत मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी वाटा राखलेला असतो. तो द्याच, पण काम छोटं दिसावं म्हणून एका रस्त्याच्या कामाचे चार ठेके पाडू नका.

काम दिल्यावर खरी परीक्षा. कागदावर संस्था एक आणि साइटवर माणसं भलत्याचीच, हे मी पाहिलंय, आणि त्यात खऱ्या मजुरांचा हक्क जातो. म्हणून बिलावर सही करण्याआधी हजेरीपट, पीएफचं चलन आणि मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाची मापं लिहितात ते) शेजारी शेजारी ठेवा. पुस्तकात चाळीस मीटर गटार आणि त्या आठवड्याच्या हजेरीत तीनच मजूर दिसले, तर थेट साइटवर जा, टेप लावा. बिलातून बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठीचा १ टक्का कामगार उपकर कापलाय ना, तेही बघा.

आणि छोट्या माणसाचं बिल अडवून ठेवू नका. त्याचं भांडवल तेवढंच असतं.