१३ मेचं ते वादळ टोर्नेडो होतं का, आणि टोर्नेडो म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घोडबंदर रोडला कासारवडवलीत तुम्ही बाविसाव्या मजल्यावर राहता. १३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळाचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर ‘ठाण्यातला टोर्नेडो’ म्हणून पुन्हा फिरतोय आणि त्यात धुळीच्या कडेला एक भोवरा दिसतो. तो खरंच टोर्नेडो होता का, इथे तसं काही येऊ शकतं का, आणि आलं तर इतक्या वर राहणाऱ्यांनी काय करायचं?

नाही, तो टोर्नेडो नव्हता. टोर्नेडोत हवा गरगर फिरत ढगाकडे वर ओढली जाते. आपल्याकडे त्या दिवशी ढगातून हवा खाली कोसळली आणि जमिनीवर पसरली. दोन्ही गडगडाटी ढगाचेच प्रकार, पण चाल अगदी उलट.

मी ऐरोलीत राहते आणि ठाण्यात शाळेत भूगोल शिकवते. मे महिन्याची सुट्टी असल्यामुळे त्या दुपारी घरीच होते. कपडे काढायला गॅलरीत गेले तर पारसिकचा डोंगर दिसेना. त्याच्या जागी मातकट पिवळी भिंत. बघता बघता ती अंगावर आली. घाईत कपडे ओढताना एक ओढणी चिमट्याला अडकून राहिली. काच लावून घेतली आणि आतून मी त्या ओढणीकडे बघत राहिले. ती आडवी, पट्टीसारखी ताठ झाली होती. वारा होता तोवर ती एकाच बाजूला ताणलेली राहिली, एकदाही फिरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सेक्टरमध्ये तीन झाडं पडलेली पाहिली, दोन गुलमोहर आणि एक पर्जन्यवृक्ष. तिन्हींचे शेंडे एकाच दिशेला. टोर्नेडो गेला असता तर झाडं एकमेकांवर आडवीतिडवी पडली असती, कारण भोवऱ्याच्या एका अंगाला वारा पुढे जात असतो आणि दुसऱ्या अंगाला मागे येत असतो.

झालं ते असं. मे महिन्यात जमिनीलगतची हवा तापलेली असते आणि ढगाखाली बराच उंच थर कोरडा असतो. ढगातून सुटलेला पाऊस त्या कोरड्या हवेतून येताना वाटेतच सुकायला लागतो आणि सुकताना भोवतालची हवा गार करतो, माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायाने. गार हवा जड. ती धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि फरशीवर बादली ओतावी तशी पसरते. त्या पसरणाऱ्या वाऱ्याची पुढची कड मोकळ्या प्लॉटवरची, बांधकामांवरची माती उचलत निघते. आपण पाहिली ती भिंत म्हणजे ही कड. या कडेवर छोटे भोवरे उठतात, मिनिटभरात विरतात. तुमच्या व्हिडिओतला भोवरा त्यातलाच असणार. वरच्या ढगातल्या फिरत्या हवेशी त्याचा सांधा जुळलेला नसतो, म्हणून त्याला टोर्नेडो म्हणत नाहीत.

मात्र टोर्नेडो नव्हता म्हणजे वारा किरकोळ होता, असं कृपा करून कोणी समजू नये. त्याच दुपारी घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली.

हा कोसळणारा वारा टोर्नेडोपासून वेगळा काढून दाखवला तो हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी, आणि त्यांची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. १९४५ मध्ये ते जपानमध्ये कोकुरा शहराजवळच्या एका कॉलेजात शिकवत होते. ९ ऑगस्टचा अणुबॉम्ब कोकुरावर पडायचा होता. वरून शहर नीट दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. पुढे फुजिता नागासाकीच्या पाहणीला गेले तेव्हा त्यांना झाडं मध्यापासून चहूबाजूंना, चांदणीच्या टोकांसारखी पडलेली दिसली. नंतर ते शिकागो विद्यापीठात गेले. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत एका दिवसाच्या आत जवळजवळ १५० टोर्नेडो झाले. विमानातून ते नुकसान पाहताना काही जागी फुजितांना तीच चांदणीची नक्षी दिसली. इथे काहीतरी वरून आदळलंय, हे त्यांनी ओळखलं. सुरुवातीला पुष्कळांना ते पटलं नाही. आज असा वारा उतरणाऱ्या विमानांना किती घातक असतो हे सगळे मानतात आणि मोठ्या विमानतळांवर त्यासाठी खास रडार असतात. टोर्नेडोची तीव्रता सांगणारं फुजिता मापही त्यांचंच, १९७१ चं. सुधारलेलं माप अमेरिकेत २००७ पासून वापरतात. ते शून्य ते पाच असं आहे.

आता खरा टोर्नेडो. त्याला लागतात चार गोष्टी: खाली दमट उबदार हवा, वर कोरडी थंड हवा, ती दमट हवा वर ढकलणारं काहीतरी, आणि उंचीप्रमाणे वेग आणि दिशा बदलणारा वारा. चौथी गोष्ट समजायला स्वयंपाकघरात जा. पोळपाटावर लाटणं ठेवा आणि वरून तळहाताने पुढे सरकवा. लाटणं गोल फिरतं. जमिनीलगत वारा मंद आणि वर जोरदार असेल तर मधली हवा अशीच आडवी, लाटण्यासारखी फिरायला लागते. मग खालून वर चढणारी गरम हवा त्या लाटण्याला मधोमध उचलते आणि ते उभं राहतं. आता अख्खा ढगच स्वतःभोवती फिरू लागतो. असा ढग काही तास टिकतो, त्याला महामेघ म्हणता येईल. फिरणाऱ्या भागाची रुंदी काही किलोमीटर, गती अजून संथ. तो पट्टा आकसत गेला की वेग वाढतो. फुगडी घालताना हात आखडून जवळ आलं की गिरकी कशी वाढते, तसंच. ढगाच्या मागच्या अंगाने उतरणारी हवेची धार त्या फिरतीला जमिनीपर्यंत आणते. पण फिरणाऱ्या ढगांपैकी बहुतेकांतून टोर्नेडो निघतच नाही. थोड्यांतूनच का निघतो, याचं पूर्ण उत्तर शास्त्रज्ञ अजून शोधतायत.

चित्रात दिसते ती सोंड म्हणजे वारा नाही, वारा कसा दिसेल? आतला दाब घटल्याने हवा गार होऊन जे पाण्याचे थेंब तयार होतात, ते आणि उचललेली माती आपल्याला दिसते. म्हणून सोंड अर्ध्यावर लटकलेली दिसली तरी खाली जमिनीवर वारा पोचलेला असू शकतो. बहुतेक टोर्नेडो शे-दोनशे मीटर रुंद असतात आणि दहा मिनिटांच्या आत संपतात. उत्तर गोलार्धात ते बहुधा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. काही टोर्नेडोंत एका मोठ्या भोवऱ्याच्या पोटात लहान भोवरे फिरत असतात, म्हणून एक घर भुईसपाट आणि शेजारच्या घराची कौलंही शाबूत, असं घडतं.

अपवाद मात्र भयंकर आहेत. १८ मार्च १९२५ ला अमेरिकेतल्या तीन राज्यांतून एक टोर्नेडो साडेतीन तासांत साडेतीनशे किलोमीटर गेला, ६९५ माणसं मेली. ३१ मे २०१३ चा ओक्लाहोमातला एल रिनोचा टोर्नेडो तब्बल ४.२ किलोमीटर रुंद झाला. टिम समारस हे टोर्नेडोच्या वाटेत उपकरणं ठेवणारे, अतिशय सावध म्हणून ओळखले जाणारे संशोधक. तेही त्यात मुलगा आणि सहकाऱ्यासह गेले. रडारवर त्या टोर्नेडोतला वारा प्रचंड दिसला होता, तरी त्याला पाचपैकी तीनच अंक मिळाले. कारण हे माप मोडलेल्या घरांवरून, झाडांवरून ठरतं, आणि तो बराचसा मोकळ्या शेतांवरून गेला.

एक घोळ बातम्यांतही होतो. टोर्नेडो आणि चक्रीवादळ हे दोन वेगळे. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग हे चक्रीवादळ होतं. ते समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं, आणि ते येतंय हे दोन-तीन दिवस आधी कळतं. टोर्नेडोची सूचना अमेरिकेतही सरासरी दहा-पंधरा मिनिटं आधीच मिळते. आणि उन्हात खारघर-उलव्याच्या मोकळ्या प्लॉटवर पाचोळा आणि पिशव्या गरगरत वर जातात, ती वावटळ. तिला ढगाची गरजच नसते, ती तापलेल्या जमिनीतून उठते.

इथे येऊ शकतो का? भारतात टोर्नेडो होतात, पण मुख्यतः पूर्वेला. बंगालच्या उपसागराची दमट हवा आणि पश्चिमेकडून येणारी कोरडी गरम हवा मार्च ते मेमध्ये तिथे भिडते. ३१ मार्च २००९ ला ओडिशात राजकनिकाला आणि बरोबर पंधरा वर्षांनी, ३१ मार्च २०२४ ला, जलपाईगुडीत मैनागुडीजवळ माणसं दगावली. जगातला सर्वांत जीवघेणा टोर्नेडो पलीकडे बांगलादेशातला, २६ एप्रिल १९८९ चा, दौलतपूर-साटुरियाचा. सुमारे १,३०० मृत्यू, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेखही नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. कोकणपट्टीत ते चार घटक एकाच वेळी क्वचितच जुळतात. अगदी अशक्य म्हणता येणार नाही, पण १३ मेसारखा कोसळणारा वारा दर उन्हाळ्याच्या शेवटी शक्य आहे. तयारी त्याची ठेवा.

वळवाच्या दिवसांत हवामान खात्याचा नाऊकास्ट बघत जा, त्यात पुढच्या तीन तासांचा जिल्हावार अंदाज असतो. बाहेर असाल तर होर्डिंग, क्रेन, पत्र्याची कुंपणं आणि झाडं यांच्यापासून लांब, पक्क्या इमारतीत शिरा. बाविसाव्या मजल्यावर तुमची इमारत उडणार नाही, धोका आहे तो काचांचा. धुळीची भिंत दिसली की व्हिडिओ काढत खिडकीशी उभे राहू नका. खिडक्या बंद करा, ‘आतला दाब वाढून घर फुटतं’ म्हणून उघड्या ठेवायचा जुना सल्ला चुकीचा ठरलाय. लिफ्ट घेऊ नका, वीज जाते. दोन्हीकडे भिंती असलेल्या मधल्या पॅसेजमध्ये किंवा खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये दार लावून बसा. आणि बाल्कनीच्या कठड्यावर कुंड्या असतील तर त्या मे उजाडायच्या आत खाली जमिनीवर उतरवा. बाविसाव्या मजल्यावरून पडणारी कुंडी खाली कोणाच्या डोक्यात बसेल, हे वारा बघत नाही.