‘अल देन्ते’ला मराठीत काय म्हणावं?

कोल्हापूरच्या एका वाचकाने विचारलं आहे: "ताराबाई पार्कातल्या एका महागड्या इटालियन हॉटेलात आबांना घेऊन गेलो होतो. पहिल्याच घासाला ते म्हणाले, 'कच्चं राहिलंय, परत शिजवून आणायला सांग.' वेटर अदबीने म्हणाला, 'सर, ते अल डेंटे आहे.' आबांना हे मराठीत काय सांगायला हवं होतं?"

बोटचेपा. पास्ता बोटचेपा शिजवलाय, एवढं म्हटलं असतं तरी आबांना कळलं असतं. दुधीच्या भाजीत घालायची हरभऱ्याची डाळ आपण आधी बोटचेपी शिजवून घेतो. बोटांत धरून दाबली की चेपते, पण तिचा लगदा होत नाही.

आता मूळ शब्द. इटालियनमध्ये 'अल देन्ते' म्हणजे शब्दशः 'दाताला'. चावताना दाताला थोडा प्रतिकार जाणवेल इतपतच शिजवलेला. यातला 'देन्ते' आपल्या दाताचाच नातेवाईक आहे. संस्कृत दन्त आणि लॅटिन देन्स एकाच कुळातले. म्हणून उच्चारही आपल्याला सोपा आहे. इटालियन द आणि त आपल्यासारखेच दंत्य आहेत. 'डेंटे' हे इंग्रजीच्या वाटेने आलं. 'पास्ता'तला त आपण नीट म्हणतो, मग इथे ट कशाला?

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. शिजलं की नाही हे इटालियन स्वयंपाकी दाताने पाहतो, आपण बोटाने. मला याचं कारण नैवेद्यात दिसतं. देवाला दाखवायच्या आधी अन्न चाखलं तर ते उष्टं होतं. मग शीत बोटांत चुरडून बघायचं. शितावरून भाताची परीक्षा करायची ती अशी! बोटचेपा हा शब्द त्याच चुलीपुढचा.

आबांचं चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. मराठीत 'दाताला लागणं' ही तक्रार आहे. मटण दाताला लागलं म्हणजे शिजलं नाही. भातात कणी राहिली म्हणजे करणाऱ्याचं लक्ष नव्हतं. पास्त्याच्या पोटात तसाच पांढरा ठिपका राहतो, आणि तो जेमतेम जिरायच्या बेताला आला की इटालियन माणूस भांडं उतरवतो. म्हणून 'दाताला लागेल असा' हे भाषांतर शब्दाला धरून असलं तरी ऐकणाऱ्याला उलटंच सांगेल.

बोटचेप्यालाही दोन अडचणी आहेत. बोटचेपी डाळ ही बहुतेक वेळा मधली पायरी असते, पुढे ती भाजीत आणखी शिजते; अल देन्ते पास्ता तसाच पानात येतो. शिवाय वर्तमानपत्रांनी 'बोटचेपं धोरण' म्हणून म्हणून या शब्दाला कचखाऊपणा चिकटवला आहे. तरी स्वयंपाकघरात तो अजून स्वच्छ आहे आणि तिथे तो नि:शंक वापरावा.

पास्ता असा उतरवता येतो तो गव्हामुळे. इटलीत सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा, असा 1967 पासून कायदा आहे. हा गहू कठीण आणि भरपूर प्रथिनांचा, त्यामुळे उकळत्या पाण्यातही आकार धरून राहतो. आपला बन्सी गहू याच जातीचा.

खपली गहू वेगळा. इटलीतही तो पिकतो, तिथे त्याला 'फार्रो' म्हणतात आणि अख्खे दाणे सूपमध्ये घालतात. पुढच्या खेपेला आबांसाठी ते सूप मिळतं का बघा. खपलीच्या खिरीतला दाणा कितीही शिजवला तरी दाताखाली येतोच, आणि कोल्हापुरात वाढलेला माणूस त्याला कच्चा म्हणत नाही.