जेट बोट पहिल्यांदाच घेतलीस? मग हे ऐक

भावा, बोट घेतलीस, झकास! पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसव: जेट बोटीला सुकाणू नसतं. मागच्या नॉझलमधून (तोटीतून) जोरात सुटणारं पाणीच तिला वळवतं. समोर काही आलं आणि घाबरून थ्रॉटल (वेग देणारा दांडा) सोडलास, तर स्टिअरिंग कितीही फिरव, ती सरळच जाणार. वळायचं तर थोडा थ्रॉटल ठेवावाच लागतो. हाताला हे उलटं वाटतं, म्हणून मोकळ्या पाण्यात आधी हेच घटवून घे.

दुसरं, कचरा. तळाच्या जाळीतून पाणी ओढलं जातं, त्याबरोबर दोऱ्या, प्लॅस्टिकही. पंचगंगेत जलपर्णी पसरली असेल तर बोट उतरवूच नकोस. आरपीएम (इंजिनचे फेरे) चढतायत पण वेग नाही, म्हणजे बहुतेक जाळी तुंबली. इंजिन बंद करून, किल्ली काढूनच हात घाल. उथळ पाण्यात बोट चालते खरी, पण तिथं जोर दिलास की वाळू-खडे आत जाऊन इंपेलर, म्हणजे पाणी मागे फेकणारा आतला पंखा, झिजतो.

न्यूट्रलमध्येही ती थोडी सरकतेच, काठाला लावताना ध्यानात ठेव. नोंदणी आधी, राधानगरीसारख्या धरणाच्या पाण्यात तर परवानगीशिवाय नाहीच. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पट्टीचा पोहणारा असला तरी. आणि किल स्विचची दोरी (तू पाण्यात पडलास तर ती सुटून इंजिन बंद होतं) अंगाला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करू नकोस.