उबंटूवर मल्टीथ्रेडिंगसाठी नेमकं काय इन्स्टॉल करायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू २४.०४ घेतलंय, ओपनएमपीची (सी, सी++ मध्ये एकच काम अनेक थ्रेडमध्ये वाटून देणाऱ्या पद्धतीची) प्रॅक्टिकल्स घरी करायची आहेत. त्यासाठी कोणतं टूल टाकायचं, आणि बेरजेचा एकच प्रोग्राम दर वेळी वेगळं उत्तर का देतो?

काहीही डाउनलोड करण्याआधी टर्मिनलमध्ये एनप्रॉक ही आज्ञा द्या. (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन लिपीच वापरा.) उत्तर १ आलं, तर व्हीएमला, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समधल्या उबंटूला, प्रोसेसरचा एकच कोअर मिळालाय. व्हीएम बंद करा, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग प्रोसेसर उघडा आणि लॅपटॉपचे निम्मे कोअर तिला द्या. एका कोअरवर थ्रेड (एकाच प्रोग्राममधली एकत्र चालणारी कामं) आळीपाळीने चालतात. वेग वाढत नाही हे तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे दोन थ्रेड एकमेकांच्या आड क्वचितच येतात. त्यामुळे चुकलेला प्रोग्राम घरी बरोबर वाटतो आणि लॅबच्या मशीनवर, एक्स्टर्नल समोर बसलेले असताना, उत्तर बदलतं.

इन्स्टॉलेशन तसं छोटंच आहे. आधी सुडो ॲप्ट अपडेट, मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल जीडीबी. यात जीसीसी आणि जी++ हे कंपायलर, मेक आणि डीबगर सगळं येतं. पीथ्रेड (थ्रेड तयार करायची मूळ लायब्ररी) वेगळं शोधत बसू नका. ते जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचाच भाग आहे, आणि २०२१ च्या २.३४ आवृत्तीपासून तर त्याची वेगळी लायब्ररीही जोडावी लागत नाही. तरी कंपाइल करताना -पीथ्रेड द्यायची सवय ठेवा, जुन्या मशीनवर ती लागते. ओपनएमपी जीसीसीमध्ये २००७ च्या ४.२ आवृत्तीपासून आहे, फक्त -एफओपनएमपी द्यायचं. हे विसरलात, तर बऱ्याचदा एररही येत नाही: कंपायलर तुमचे प्रॅग्मा (कोडमधल्या ओपनएमपीच्या सूचना) मुकाट्याने सोडून देतो आणि प्रोग्राम एकाच थ्रेडवर चालतो. म्हणून -वॉल कायम लावा, म्हणजे निदान वॉर्निंग तरी दिसेल.

कंपन्यांचे कित्येक जीबींचे टूलकिट हॉस्टेलच्या नेटवर उतरवू नका, या प्रॅक्टिकल्सना त्यांची गरज नाही. टीबीबी ही इंटेलची थ्रेडिंगची लायब्ररीसुद्धा आत्ता नको. पुढे सी++१७ चे पॅरलल अल्गोरिदम वापराल तेव्हा लिबटीबीबी-डेव्ह हे पॅकेज टाका आणि लिंक करताना -एलटीबीबी जोडा. आयसर पुणेमधल्या परम ब्रह्म या सुपरकॉम्प्युटरवरही लिनक्सच आहे, तेव्हा इथे बसलेला हात तिथेही कामाला येईल.

आता बदलत्या उत्तराबद्दल. बेरीज एका ओळीत लिहिलेली असली, तरी प्रोसेसरसाठी ती तीन कामं असतात: जुनी किंमत वाचणं, त्यात मिळवणं, परत लिहिणं. दोन थ्रेडनी एकच जुनी किंमत वाचली, की एकाची बेरीज वाहून जाते. याला डेटा रेस म्हणतात. तुमच्या प्रोग्राममध्ये लूपला ओपनएमपीचं रिडक्शन लावलं (प्रत्येक थ्रेड आपली बेरीज वेगळी ठेवतो, शेवटी त्या एकत्र होतात) की प्रश्न सुटेल. पण पुढच्या, मोठ्या प्रोग्राममधली रेस डोळ्यांनी सापडणार नाही. त्यासाठी थ्रेडसॅनिटायझर, म्हणजे प्रोग्राम चालताना रेस पकडणारं कंपायलरमधलंच टूल, पहिल्याच दिवशी हाताशी ठेवा, हा माझा खरा आग्रह आहे. मी हिंजवडीत याच प्रकारचं काम करतो. थ्रेड तयार करणं सगळ्यांना येतं, रेस पकडणं फार थोड्यांना शिकवलेलं असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साध्या पीथ्रेडच्या प्रोग्रामला जी++ सोबत -जी आणि -एफसॅनिटाइझ=थ्रेड एवढं पुरतं. कोणत्या दोन ओळी एकाच मेमरीवर भिडल्या ते ओळीच्या नंबरासकट छापून येतं. प्रोग्राम सुरू होताच ‘अनएक्स्पेक्टेड मेमरी मॅपिंग’ म्हणत बंद पडला, तर घाबरू नका, तुमचा कोड चुकलेला नाही. नव्या कर्नलमध्ये मेमरीचे पत्ते जास्त विखुरले जातात आणि जुन्या सॅनिटायझरला ते झेपत नाही. सुडो सिसकंट्रोल व्हीएम.एममॅप_आरएनडी_बिट्स=२८ द्या (एममॅप, आरएनडी आणि बिट्स यांच्यामध्ये अंडरस्कोअर आहे). रीबूटनंतर ते आपोआप पूर्ववत होतं.

ओपनएमपीसाठी मात्र जी++ वर हे टूल चालवू नका. जीसीसीची ओपनएमपी लायब्ररी सॅनिटायझरच्या नजरेआड राहते, त्यामुळे बरोबर कोडवरही रेसचे खोटे रिपोर्ट येतात. क्लँग (हा दुसरा कंपायलर) आणि लिबओएमपी-डेव्ह ही पॅकेजेस टाका आणि क्लँग++ ने तेच फ्लॅग व -एफओपनएमपी देऊन बनवा. त्याच्यासोबत आर्चर नावाचं साधन येतं, ते सॅनिटायझरला ओपनएमपीचे बॅरिअर (सगळे थ्रेड पोचेपर्यंत थांबायची जागा) आणि लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) समजावून देतं. चालवताना एक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल सेट करा असा संदेश दिसला, तर तो जसाच्या तसा पाळा.

थ्रेडसॅनिटायझरमुळे प्रोग्राम साधारण ५ ते १५ पट संथ होतो आणि मेमरीही ५ ते १० पट लागते. म्हणून तपासताना ॲरे छोटा ठेवा, आणि वेळ मोजताना हा फ्लॅग काढून टाका. जो कोड त्या वेळी चाललाच नाही, त्यातली रेस त्याला दिसत नाही हेही ध्यानात असू द्या.

प्रोग्राम नुसताच अडकून बसला, तर जीडीबीमध्ये चालवा, कंट्रोल-सी दाबा आणि थ्रेड अप्लाय ऑल बीटी द्या. कोणता थ्रेड कुठल्या लॉकपाशी थांबलाय ते दिसेल.

वेळ मोजायला क्लॉक हे फंक्शन वापरू नका. लिनक्सवर ते सगळ्या थ्रेडचा सीपीयू वेळ एकत्र मिळवतं, आणि पॅरलल प्रोग्रामच हळू असल्यासारखा वाटतो. घड्याळाचा वेळ देणारं ओपनएमपीचं ओएमपी_गेट_डब्ल्यूटाइम वापरा. आणि बबल सॉर्टच्या आतल्या लूपला नुसता पॅरलल फॉर लावू नका, शेजारच्या जोड्या एकमेकींत अडकतात. ऑड-इव्हन पद्धतीने लिहा: एका फेरीत सम जागांपासूनच्या जोड्या, पुढच्या फेरीत विषम.