मर रोगाची बुरशी गोळा करताना

टोमॅटोच्या मर रोगावर काम सुरू करतोयस, तर आधी झाड नीट बघ. खोड उभं चिरल्यावर वाहिन्या तपकिरी दिसल्या, की फ्युजेरियम या बुरशीचा संशय घ्यायचा. पण तोच तुकडा स्वच्छ पाण्यात धरून बघ. दुधासारखी धार सुटली, तर ती मर जिवाणूची आहे, बुरशीची नाही.

पेट्रीडिशमधल्या रंगावरून रेस, म्हणजे कोणती वाणं मारते त्यावरून ठरणारा बुरशीचा उपप्रकार, कधीही ठरवू नकोस, हे फार महत्त्वाचं. मुळांवर निरुपद्रवी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमही राहतं आणि ते हुबेहूब तसंच दिसतं. एकाच बीजाणूपासून कल्चर वाढव, रोपांवर चाचणी घे. बॉनी बेस्टसारखं प्रतिकार नसलेलं वाण हवंच. सोबत आय, आय-२ आणि आय-३ या प्रतिकार देणाऱ्या जनुकांची वाणं. कोणती मरतात त्यावरून रेस १, २ की ३ ते कळतं. तापमान २८ अंशांच्या आसपास ठेव.

डीएनए फिंगरप्रिंटवर एकट्यावर भिस्त नको. रेस २ ची रेस ३ व्हायला बुरशीच्या एव्हीआर-२ जनुकातला (ज्यावरून आय-२ असलेलं झाड बुरशीला ओळखतं) एका अक्षराचा बदलही पुरतो, म्हणून एकाच कुळात दोन्ही रेस सापडतात.

मेलेल्या रोपातून बुरशी पुन्हा वेगळी करून खात्री कर. आणि कुंडीतली माती निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर टाकू नकोस. जाड भिंतीचे बीजाणू तिच्यात वर्षानुवर्षं जिवंत राहतात.