बायोस पीसीआय कार्डांना जागा कशी वाटतो?

प्रश्न थोडक्यात: भुसावळला जुन्या मदरबोर्डवर पीसीआय स्लॉटमध्ये (जादा कार्ड लावायच्या खाचेत) दुसरं ग्राफिक्स कार्ड लावलं तर ते ‘पुरेसे रिसोर्सेस नाहीत’ म्हणतं. असं का?

फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच साठवलेला बायोस हा प्रोग्रॅम, मेमरीच्या पत्त्यांपैकी किती जागा हवी हे कार्डालाच विचारतं, फक्त जरा आडवळणानं. कार्डाच्या बेस अ‍ॅड्रेस रजिस्टरमध्ये (कार्डाचा सुरुवातीचा पत्ता ठेवायच्या ३२ बिटांच्या कप्प्यात) सगळे १ लिहायचे आणि परत वाचायचं. खालचे चार बिट खुणेचे, ते सोडा. उरलेल्यात हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) एफएफएफ००००० आलं, म्हणजे खालचे वीस बिट शून्यच राहिले, तर मागणी २ चा २० वा घात बाइटची, म्हणजे १ एमबीची. पुलामागच्या (ब्रिज, म्हणजे कार्डांचा गट जोडणारी चिप) कार्डांची मागणी एकत्र करून पुलाला खिडकी, म्हणजे पत्त्यांचा एक सलग पट्टा, मिळते, तीही १ एमबीच्या पटीत.

खरी अडचण पुढे आहे. २५६ एमबी मागणारं कार्ड २५६ एमबीच्या पटीतल्या पत्त्यावरच बसतं. सुरुवातीलाच १ एमबीवालं बसवलं की मधले २५५ अडकले. म्हणून मोठे आधी. भरीत पार्टीला शेतात जाताना आपण गाडीत पातेलं आधी ठेवतो, वाट्या नंतर, तसंच.

तुमच्याकडे ४ जीबीच्या खालची जागाच संपली असणार, कारण तिथे रॅमही वाटेकरी आहे. बायोसच्या सेटअपमध्ये ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ (४ जीबीच्या वरचे पत्ते वापरायची परवानगी) चालू करा. ६४ बिटी पत्ता चालणाऱ्या मागण्या ४ जीबीच्या वर जातील. काही बोर्डांवर त्यासाठी आधी सीएसएम (जुन्या पद्धतीच्या बायोसशी जुळवून घेणारी सोय) बंद करावं लागतं. माझ्या बोर्डात हा पर्यायच नव्हता. ऑनबोर्ड साउंड बंद करून पाहिलं, पण ते बिचारं मागतं जेमतेम १६ केबी! शेवटी दुसरं कार्ड काढलंच.