ऊती, ओतप्रोत आणि पदराची गाठ

प्रश्न आहे: "मामांच्या टॉन्सिलच्या बायॉप्सीत कॅन्सर निघाला. रिपोर्टात 'टिश्यू मार्कर पी-16 पॉझिटिव्ह' लिहिलंय. याला मराठीत 'पेशींची खूण' म्हणावं का?"

नाही. पेशी म्हणजे सेल. टिश्यू म्हणजे ऊती. शाळेच्या विज्ञानात हा शब्द सगळ्यांनी वाचलेला असतो, तरी बातम्यांत रोज 'पेशीचा तुकडा तपासायला पाठवला' हेच. लुगड्याला कोणी धागा म्हणतं का? आणि हिंदीतलं 'ऊतक' तर नकोच.

ऊती आली 'वे' धातूपासून. वे म्हणजे विणणे, उत म्हणजे विणलेलं. मागे 'आ' लागला की ओत, 'प्र' लागला की प्रोत. 'प्रेमाने ओतप्रोत' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी ओतलेलं, सांडलेलं येतं. खरं तर ते उभ्याआडव्या धाग्यांनी विणलेलं आहे! बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात? फ्रेंच 'तिस्यू' म्हणजेही विणलेलंच. बिशा या शरीरशास्त्रज्ञाने 1800 च्या सुमारास तो शब्द देहातल्या थरांसाठी रूढ केला. ग्रीक 'हिस्टॉस' म्हणजे माग, त्यावरून हिस्टॉलॉजी. तीन भाषा, एकच माग.

ऊती म्हणजे 'शरीराचं रक्षण करणारी' असं एका व्याख्यानात ऐकलं. साफ चूक. रक्षण या अर्थाची वेदातली 'ऊति' अव् धातूची आहे. उच्चार सारखा म्हणून कूळ एक होत नाही.

आता मार्कर. कोणी 'चिन्हक' म्हणतात. निर्जीव शब्द. मी 'खूणगाठ' म्हणेन: आठवणीसाठी पदराला मारतात ती. ऊती वस्त्र असेल तर खूण पदरालाच हवी. डॉक्टर म्हणतील, 'गाठ' ऐकून रुग्ण घाबरेल. मग 'ऊतीखूण' म्हणा, पण चिन्हक नको.

आणि 'पॉझिटिव्ह' ऐकून हबकू नका. घशाच्या, टॉन्सिलच्या कॅन्सरमध्ये पी-16 हे प्रथिन ठळक दिसलं तर बहुतेक वेळा मागे एचपीव्ही विषाणू असतो. त्याचं ई-7 प्रथिन पेशीतल्या आरबी या पहारेकऱ्याला निकामी करतं, म्हणून पी-16 साचतं. असे कॅन्सर उपचारांना सहसा चांगली साथ देतात. कॅन्सरच्या स्टेज ठरवणाऱ्या जागतिक नियमावलीच्या 2017 च्या आठव्या आवृत्तीपासून त्यांच्या स्टेजही वेगळ्या मोजतात. तंबाखू-सुपारीने गालात, हिरडीजवळ होणारा कॅन्सर निराळा: तिथे बहुधा पी-53 या दुसऱ्या प्रथिनाचं जनुकच बिघडलेलं असतं आणि पी-16 वरून एचपीव्हीचा भरवसा धरता येत नाही. दोन्ही पट्टकी अभिस्तराचेच, म्हणजे चपट्या पेशींच्या अस्तराचे, पण वीण वेगळी. म्हणून 'तोंडाचा कॅन्सर' म्हणून दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेले मला खपत नाहीत.

पी म्हणजे प्रोटीन. 16 आणि 53 हे चाचणीत दिसलेलं साधारण वजन, किलोडाल्टन या रेणू मोजायच्या मापात; पी-53 चं खरं वजन 44 च्या आसपास आहे. तो आकडा आजाराची पायरी सांगत नाही, हे मामांना आधी सांगा.